घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपली म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने ही दोन्ही कामे पार पाडलेली असावीत. परंतु घर विकण्याचा प्रसंग काही त्याच्यावर आलेला नसावा. आला असता तर त्या म्हणीला तिसरे शेपूट खचित फुटले असते. घर बांधताना माणसाला आपल्या पैशाची मर्यादा कळते, लग्न करताना नातेवाइकांची कळते आणि घर विकताना स्वतःची कळते. ही तिसरी मर्यादा मला यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास कळली. ती कशी कळली, तेवढेच येथे सांगायचे आहे.

आमचे घर प्रतापगडचे. प्रतापगड म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे, अफझलखान आणि १६५९ साल उभे राहील; पण तो प्रतापगड साताऱ्याकडचा. आमचा प्रतापगड महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. डोंगर, डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या खुणा, महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. एरवी जंगल, धान आणि तळी यांच्या सोबतीने निवांत असलेला हा मुलूख त्या दिवसांत माणसांनी फुलून जातो. यात्रेच्या रात्री आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. सपरीत पाहुणे, माजघरात बायकापोरे, अंगणात बैलगाड्या. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, आणि माजघराला एक लांबलचक सागाची तुळई. ही तुळई आजोबांनी बसवली. तिच्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

थोरले भाऊ गेले, मी नोकरीच्या निमित्ताने नागपुरात स्थायिक झालो आणि त्या एवढ्या घरात वहिनी एकट्या उरल्या. त्यांनाही आता उठबस होईना. तेव्हा घर विकावे असे ठरले. निम्मा वाटा माझा, निम्मा वहिनींचा आणि त्यांच्या मुलाचा. गिऱ्हाईकही चांगले मिळाले. जवळच्या शाळेवर बदलून आलेले एक तरुण मास्तर, त्यांची बायको आणि सहा महिन्यांचे मूल. माणसे पार दुसऱ्या जिल्ह्यातली. गावात त्यांच्या ओळखीचे कोणी नाही. एकदा येऊन घर पाहून गेली, त्यांना ते आवडले, इसार देण्याची तारीख ठरली.

याच सुमारास माझा पुतण्या, म्हणजे वहिनींचा मुलगा, सुट्टी काढून अमेरिकेहून आला. तो न्यू यॉर्क राज्यात राहतो. आधी बांधकामाच्या एका कंपनीत होता. ते सोडून त्याने घरे तपासण्याचा परवाना काढला. हे ऐकून आम्ही सारे प्रथम हसलोच. मोटार हाकायला परवाना, बंदूक बाळगायला परवाना, फार काय, दारू प्यायलासुद्धा परवाना, हे आम्हांला ठाऊक होते. पण दुसऱ्याचे घर पाहायला परवाना! आमच्याकडे कोणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत पाहुणा भिंतीला गेलेल्या भेगा मोजून मोकळा होतो. त्यासाठी सरकारचा कागद कशाला?

पण त्याने सगळे समजावून सांगितले तेव्हा हसू मावळले. तिकडे घर घेणारा माणूस सौदा पुरा होण्यापूर्वी असा एक तपासनीस नेमतो. त्याची फी घेणारा देतो. तपासनीस छपरावर चढतो, तळघरात उतरतो, विजेच्या तारा, पाण्याचे नळ, पाया, वासे सारे न्याहाळतो आणि लेखी अहवाल देतो. न्यू यॉर्कात या परवान्यासाठी १४० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्यांपैकी ४० तास शिक्षकाबरोबर हिंडून प्रत्यक्ष घरे पाहण्याचे. मग परीक्षा. तिकडच्या अनेक राज्यांत जी परीक्षा चालते तिच्यात २०० प्रश्न आणि चार तासांची मुदत. सगळ्याच राज्यांत मात्र हा परवाना लागतो असे नाही. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात तो लागत नाही.

मला या हकिकतीतल्या दोन गोष्टी विशेष वाटल्या. पहिली अशी की, या धंदेवाल्यांची १९७६ साली निघालेली एक जुनी संघटना आहे आणि तिच्या नीतिनियमांप्रमाणे ज्या घराचा दोष तपासनिसाने दाखवला, तो दोष दुरुस्त करण्याचे काम त्याने वर्षभर पैसे घेऊन करायचे नाही. म्हणजे दुखणे सांगणाऱ्याने औषध विकायचे नाही. दुसरी गोष्ट अशी की, तो फक्त दिसते तेवढेच पाहतो. भिंत फोडत नाही, जमीन उकरत नाही. ‘जे झाकलेले आहे त्याची जबाबदारी माझी नाही,’ असे तो अहवालात स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे असा परवाना नाही. परवानेच नाहीत असे मात्र नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार घरांच्या व्यवहारातल्या दलालांना महारेराकडे नोंदणी करावी लागते आणि २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली जमीन व इमारतींचे नोंदणीकृत मूल्यांकनकार असतात, त्यांचीही परीक्षा असते. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाप्रमाणे नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. खेड्यात घरकुलाचा हप्ता मिळण्यापूर्वी बांधकामाच्या टप्प्याटप्प्याचे छायाचित्र मोबाइलवर काढले जाते. पण नीट पाहिले तर दलाल सौद्यासाठी असतो, मूल्यांकनकार बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेसाठी येतो आणि छायाचित्र सरकारसाठी असते. घराखाली जो झोपणार, त्याच्या बाजूने घर पाहणारा या सगळ्यांत कोणी नाही.

असा माणूस पूर्वी का लागला नाही, याचे मला एक कारण सुचते. आमच्यापासून जवळच नवेगावबांधचा तलाव आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. आमच्या या भागातले कोहळी लोक तळी बांधण्यात तरबेज. त्या बांधांची तपासणी करायला कोणी परवानाधारक आला नव्हता. पण बांध ज्याने घातला, त्याचेच शेत बांधाखाली होते. बांध फुटला असता तर पहिल्याने त्याचेच धान वाहून गेले असते. जो बांधतो तोच जेव्हा खाली राहतो, तेव्हा तपासनीस लागत नाही. आणि विकायचे झालेच तर साक्षीला गाव असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराच्या विक्रीची रीत दिली आहे. ती विक्री शेजारच्या चाळीस कुळांतल्या माणसांसमोर घराच्या दारातच पुकारावी, असे त्यात आहे. चाळीस शेजारी ज्या घरासमोर उभे आहेत, त्या घराची गळकी कौले लपतील कशी?

ओळख संपते तेथे परवाना सुरू होतो. आता आमच्या भागातही कोण कुठला, हे कोणाला ठाऊक नसते. धरणाच्या कामावर माणसे आली, १९७२ साली गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, बदलीवर मास्तर येतात, ग्रामसेवक येतात. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाकडून घर घ्यायचे, तर मध्ये कोणीतरी शपथेला बांधलेला तिसरा हवाच. तेव्हा पुतण्याच्या परवान्याला हसण्यात आमचाच अडाणीपणा होता, हे मी मनाशी कबूल केले.

आणि नेमका त्याच संध्याकाळी हा तिसरा माणूस माझ्याच घरात निघाला.

माजघरात आम्ही चहा घेत बसलो होतो. पुतण्या जमिनीकडे पाहत होता. सारवलेल्या जमिनीत ताटलीएवढा एक खळगा होता. त्याने खळग्यावर बोटे फिरवली, मग मान वर करून तुळईकडे पाहिले. बरोबर त्या खळग्याच्या वर तुळईवर एक फिकट ठसा होता.

“काका, येथे खांब होता का?”

“टेकू होता.”

“कधी काढला?”

“आठ दिवस झाले.”

“काऊन?”

“मास्तर घर पाहायला येणार होते.”

तो उठला. कोपऱ्यातली काठी घेऊन त्याने तुळईवर एकदा इकडे, एकदा तिकडे ठोकले. इकडे टणक आवाज आला, तिकडे भोपळ्यासारखा. दोन पावसाळ्यांपूर्वी कवेलू फेरणाऱ्या माणसाने मला तोच आवाज ऐकवला होता. उधईने तुळई आतून खाल्ली होती. बाहेरचे साल शाबूत, आत भुसा. त्याच्या सांगण्यावरून मी साजाचा एक जाड टेकू लावून घेतला आणि काम निभावले. मास्तर येणार त्याच्या आदल्या दिवशी तो टेकू काढून मी गोठ्यात उभा करून ठेवला. जमीन सारवून घेतली होती. पण दोन वर्षे घराचा भार सोसलेला खळगा एका सारवणाने भरत नाही.

“मास्तरांना सांगितलं का जी?”

“त्यांनी विचारलं नाही.”

तो काही बोलला नाही. मलाच राहवेना. मी म्हणालो, “तू तर आता परवानेवाला. देऊन टाक तुझा अहवाल.” तो हसला नाही. म्हणाला, “हे घर मला तपासता येत नाही, काका. माझा यात वाटा आहे. ज्याचा वाटा आहे त्यानं अहवाल देऊ नये, असा आमचा नियम आहे. हा अहवाल तुम्हीच द्यायचा.”

रात्री मला झोप लागली नाही. ‘त्यांनी विचारले नाही’ हे माझे उत्तर मला प्रथम फार बिनतोड वाटले होते. ते माझ्या एकट्याचे नाही, हेही मला ठाऊक होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात अगदी हाच खटला मांडला आहे. एक मनुष्य घर विकतो आहे. घराची लाकडे कुजलेली आहेत, घर पडायला आले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? डायोजनीझ नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. घ्या म्हणून कोणी बळजबरी केलेली नाही, आणि विकणाऱ्याने आपल्याच मालाची निंदा करावी असे कोठे आहे? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जितके वाईट, त्याहून हे वाईट. कारण येथे तुम्ही माणसाला जाणूनबुजून आडवाटेला लावता. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने पडला. रोमच्या न्यायाधीशाने दिलेला एक निकालही तो सांगतो. क्लॉडियस सेंटुमॅलस याला आपल्या घराचा उंच भाग पाडण्याचा हुकूम झाला होता. त्याने तो हुकूम न सांगता घर विकले. मार्कस केटोने ठरवले की, विकताना ठाऊक असून सांगितले नाही, तेव्हा नुकसान विकणाऱ्याने भरून द्यावे.

आपल्या कायद्याची वाटही मोठी गमतीची आहे. १८७२ च्या करार कायद्यात एक उदाहरण दिले आहे. दोष असलेला घोडा मालकाने लिलावात विकला आणि दोषाबद्दल तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. नुसते मौन ही सामान्यतः फसवणूक मानायची नाही. पुढे दहाच वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. त्याचे ५५ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि त्याने साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा घराजमिनीचा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे म्हणजे फसवणूक. घोड्याच्या बाबतीत जे मौन चालते, ते घराच्या बाबतीत गुन्ह्याच्या पंक्तीला बसते. असे का असावे? मला वाटते, घोड्यावर माणूस जागेपणी बसतो, घराखाली तो झोपतो. झोपलेल्या माणसाला सावध राहा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

तरीही डायोजनीझची बाजू मी सहज सोडली नाही. माझ्या मनात त्याची वकिली करणारा एक माणूस पहाटेपर्यंत बोलत होता. सगळेच दोष सांगत बसले तर जगात एक तरी घर विकले जाईल काय? मास्तर शिकलेले आहेत, त्यांनी काठीने ठोकून पाहायला नको होते काय? किंमत कमी झाली तर वहिनींचा वाटा कमी होईल. म्हाताऱ्या विधवा बाईच्या औषधपाण्याच्या पैशातून मी माझ्या सचोटीची हौस भागवायची काय? हा शेवटचा मुद्दा मला फार पटत होता. आपल्या गैरकृत्याला दुसऱ्याच्या दुःखाचा आधार मिळाला की माणसाला मोठे हायसे वाटते. तोही एक टेकूच.

टेकू शब्द मनात आला आणि वकिलाची जीभ अडखळली. मी नुसता गप्प बसलो होतो काय? गप्प बसणाऱ्याने टेकू जागच्या जागी राहू दिला असता. मास्तर आले असते, त्यांनी तो पाहिला असता, आणि विचारायचे की नाही हे त्यांनी ठरवले असते. मी टेकू काढला, जमीन सारवली आणि मग ‘विचारले नाही’ म्हणालो. प्रश्न विचारण्याची जागाच मी पुसून टाकली होती. मौनाला तोंड नसते, पण हात असतात. माझ्या मौनाने आठ दिवसांपूर्वी हातात कुदळ घेतली होती.

सकाळी मी वहिनींपाशी गेलो. त्यांना अहवाल, कलमे, सिसेरो यांपैकी काही ठाऊक नाही. मी फक्त एवढेच म्हणालो की, तुळईचे मास्तरांना सांगावे म्हणतो, पण मग पैसे कमी येतील, आणि तुमचा वाटाही. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून डोळे न काढता त्या म्हणाल्या,

“टेकू काढला तवाच मी म्हणणार होती भाऊजी, पण म्हटलं तुम्ही शिकलेले. मास्तरीनबाईचं पोर सहा महिन्यांचं आहे. झोळी बांधतील त्या. माजघरात दुसरं आहे काय झोळी बांधायला? तुमचीबी त्याच तुळईला होती म्हणत सासूबाई. याचीबी तिथंच होती.”

मी थक्क झालो. पुतण्याने खळगा पाहिला, ठसा पाहिला, आवाज ऐकला. मी ग्रंथ पाहिले, कलमे पाहिली. त्या तुळईखाली उद्या काय टांगले जाईल, हे मात्र वहिनींनी पाहिले. १४० तासांच्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही; पुतण्याची नजर त्या दिवशी जमिनीवर गेली नसती तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. पण परवाना घराकडे कसे पाहावे ते शिकवतो. घरात कोण राहणार, हे डोळ्यांपुढे आणायला कोणतीही परीक्षा शिकवत नाही. आणि जेथे हे दुसरे पाहणे नसते, तेथे पहिलेही आंधळे होते. महाडला २०२० च्या ऑगस्टमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची. तीस वर्षे थांबून तपासणारा कोणताही नियम तिच्या कामाचा नव्हता. इमारत उभी राहते तेव्हा अनेक हातांना तिच्यातले काही ना काही ठाऊक असते. तपासनीस जे पाहू शकत नाही, ते ठाऊक असणारा कोणीतरी एक जण नेहमी असतो. सारा प्रश्न त्या एकाचा आहे. त्याला परवाना कोणी देत नाही, आणि त्याच्यावाचून परवान्यांना अर्थ राहत नाही.

दुपारी मी गोठ्यातून टेकू आणला आणि पुतण्याच्या मदतीने त्याच खळग्यात उभा केला. मग मास्तरांना बोलावणे पाठवले. सांगताना जीभ जड झाली होती, हे कबूल केले पाहिजे. तुळईचे सांगितले. टेकू काढला होता, तेही सांगितले. हे दुसरे सांगणे पहिल्याहून कठीण गेले, कारण पहिल्यात दोष लाकडाचा होता. मास्तर बराच वेळ वर पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “काकाजी, अजून काही?” एकदा तोंड उघडले की बाकीचे आपोआप येते. विहीर एप्रिलनंतर तळ गाठते, पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते, हेही मी सांगितले. त्यांनी एका कागदावर ते उतरून घेतले आणि निघून गेले. चार दिवस त्यांचा निरोप नव्हता. त्या चार दिवसांत मला आपल्या सचोटीचा आनंद वगैरे मुळीच झाला नाही. गिऱ्हाईक गेले, एवढेच वाटत राहिले.

पाचव्या दिवशी ते एका वाढयाला घेऊन आले. त्याने तुळई, वासे, कवेलू सारे पाहून नव्या तुळईचा खर्च सांगितला. तो खर्च आणि वर आणखी थोडे, अशी किंमत उतरली. वहिनींनी हिशेब विचारला नाही. मी होऊन सांगितला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या की पावसाच्या आधी तुळई बदलून घ्या म्हणावे.

मी चांगला माणूस ठरलो, असे या हकिकतीवरून कोणी समजू नये. कोणी खळगा पाहिला नसता तर मी बोललो नसतो, ही गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती मी येथे लिहून ठेवतो. हाही त्या अहवालाचाच भाग आहे.

किल्ली देण्याच्या दिवशी मास्तरांची बायको मुलाला कडेवर घेऊन घरभर फिरली. टेकूपाशी येऊन तिने त्याला हात लावून पाहिला आणि विचारले, “हा पण घराबरोबर का?”

“हो,” मी म्हणालो, “तो घराचाच आहे.”